अंगणच वाकडं होतं

सिस्टर : परत ठेवा.

मिस्त्री : ठेवला.

सिस्टर : आता हात काढा.

मिस्त्री : काढला… गेला!

सिस्टर : अहो, पकडा! झालं, सांडला चहा माझ्या पायावर. नशीब, निम्माच भरला होता. तीनदा ठेवला, तीनदा घसरला. म्हणजे कपाचा दोष नाही.

मिस्त्री : टेबलाचाही नाही. अगं, हे टेबल मी बसवलंय, मी! अडतीस वर्षांत माझ्या हातचं एक कपाट आपोआप उघडल्याची तक्रार आली नाही कुणाची.

सिस्टर : मग कपाला पाय फुटलेत का?

मिस्त्री : धक्क्याला बांधलेली दोरी ताणली असेल. ती ओढतेय बोटीला एका अंगाला.

सिस्टर : दोरी सैल आहे. आत्ताच वर जाऊन बघून आले.

मिस्त्री : मग तू एका बाजूला उभी आहेस म्हणून.

सिस्टर : वा! म्हणजे आता माझं वजन काढा. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तेवढंच राहिलं होतं.

मिस्त्री : माझी पाणसळ दे बघू. पेटीत वरच आहे, फडक्यात गुंडाळलेली.

सिस्टर : ही घ्या तुमची लाडकी. पोरीला कधी इतकं जपून गुंडाळलं नव्हतंत.

मिस्त्री : थांब जरा, बोलू नकोस. …नाही. असं कसं होईल? पलटून ठेवतो. …छे!

सिस्टर : काय म्हणते?

मिस्त्री : बुडबुडा पार उजव्या टोकाला जाऊन चिकटलाय. डावीकडे उतार आहे. हातभर फळीला दोन बोटं! दोन सूत असतं तर मी लाजलो असतो, ही दोन बोटं आहेत.

सिस्टर : ओटा बघा.

मिस्त्री : ओटाही तसाच.

सिस्टर : आणि झोपायचा बाक?

मिस्त्री : तोही. खालची फळी, कपाट, पुस्तकांचा खण, सगळं एकजात डावीकडे. बोटच कलली असणार. दुसरं काही नाही.

सिस्टर : नाही कलली. तुमच्या रंगाऱ्याने बाहेरून लाल रेघ मारलीय ना, ती मी दोन्ही बाजूंनी वाकून बघितली. इकडे पाण्यापासून चार बोटं वर, तिकडेही चारच. बोट सरळ उभी आहे. तुमचं सामान वाकडं आहे.

मिस्त्री : प्रत्येक फळी पाणसळ लावून बसवलीय गं! बुडबुडा मधोमध आल्याशिवाय मी एक खिळा ठोकला नाही.

सिस्टर : कुठे बसवलीत? इथे, पाण्यात?

मिस्त्री : इथे कशी बसवीन? बोट आज सकाळी तर उतरवली क्रेनने. यार्डात बसवली. टेकूंवर उभी होती तेव्हा… अरे देवा.

सिस्टर : काय झालं?

मिस्त्री : उजवीकडचा टेकू. तिकडची जमीन भुसभुशीत होती. तो टेकू खाली बसलेला असणार, हळूहळू, पहिल्याच वर्षी. बोट उजवीकडे कललेली आणि मी आत बसून सगळं जमिनीला सरळ करत होतो. बोटीला नाही. आज बोट सरळ झाली आणि माझं काम…

सिस्टर : वाकडं झालं.

मिस्त्री : आतली फळीही मीच टाकली, कपाटंही मीच केली. सगळं एकमेकांशी जुळत होतं, म्हणून तर संशय आला नाही. बोटीत एक भिंत सरळ नसते की जिच्याकडे बघून कळावं.

सिस्टर : नाचता येईना म्हणे अंगण वाकडं!

मिस्त्री : अगं पण खरंच अंगण वाकडं होतं!

सिस्टर : हो, हो, हसा आता तुम्हीही. एवढं काय तोंड पाडायचं?

मिस्त्री : हसण्यावारी नेऊ नकोस. तो म्हातारा रंगारी मला म्हणाला होता. म्हणाला, मिस्त्री, बोटीत ती बाटली चालत नाही, लाल रेघ धरून माप घ्या. मी काय म्हणालो माहितीय? म्हणालो, मी तुला ब्रश कसा धरायचा ते शिकवतो का?

सिस्टर : म्हणाला असालच. तुमची जीभ मला ठाऊक आहे.

मिस्त्री : पाणसळ. नावातच पाणी आहे तिच्या. बाटलीतलं पाणी बघत बसलो आणि खालचं बघायचं राहिलं. गाढव आहे मी.

सिस्टर : बरं, आहात. चहा परत टाकू का?

मिस्त्री : चहा कसला टाकतेस? यार्डवाल्याला फोन लाव. क्रेन अजून गेली नसेल. बोट परत वर घेऊ.

सिस्टर : कशाला?

मिस्त्री : कशाला म्हणजे? सगळं उखडायचं, रेघ धरून नव्याने बसवायचं. सहा महिने… नीट करायचं तर आठ. तोवर वाऱ्याचा हंगाम निघून जाईल, म्हणजे पुढच्या वर्षी निघू.

सिस्टर : पुढच्या वर्षी.

मिस्त्री : पुढच्या वर्षी नक्की.

सिस्टर : अहो, उद्या सकाळी आपण निघतोय. भरतीची वेळ तुम्हीच भिंतीवर खडूने लिहिलीत. घर रिकामं झालंय. भाडेकरू उद्या सामान घेऊन येताहेत. आपण झोपायचं कुठे, जिन्यात?

लेक : आई! बाबा! कुठून उतरायचं आत? शिडी कसली म्हणायची ही, एका वेळी एक पाय मावत नाही.

सिस्टर : ये गं, पाठमोरी उतर. डोकं सांभाळ. ड्यूटी संपली का?

लेक : शेवटची फेरी मारून बस आत्ताच डेपोत लावली, तशीच गणवेशात आले. घराची किल्ली घ्यायला. …काय झालंय? बाबा, चेहरा का असा?

मिस्त्री : जाणं रद्द झालंय.

सिस्टर : कुणी सांगितलं?

मिस्त्री : मी सांगतोय. पोरी, सगळं लाकूडकाम तिरकं बसलंय. ही पेन्सिल ठेव टेबलावर.

लेक : घरंगळली. …बाबा, खरं सांगू? मला बरंच वाटलं. राग येऊ दे तुम्हाला. महिनाभर मला झोप नाही. बस चालवताना सिग्नलला थांबले की डोक्यात हेच येतं, हे दोघं कुठेतरी भर समुद्रात असतील, फोन लागणार नाही आणि मी इथे हॉर्न वाजवणाऱ्या गर्दीत. मी भाडेकरूंना आत्ता फोन करते. दुसरी खोली बघा म्हणते.

सिस्टर : फोन खाली ठेव.

लेक : आई, बाबाच म्हणताहेत ना.

सिस्टर : बाबा अकरा वर्षं म्हणताहेत. पहिल्या वर्षी शीड जुनं होतं. शीड शिवून घेतलं. मग इंजिन खोकत होतं, इंजिन उतरवलं. मग म्हणे डोलकाठीला वरती केसाएवढी चीर दिसते. चीर नव्हती, कोळिष्टक होतं! मग पॉलिश. पॉलिशला दोन वर्षं. माझं ऐका, बाळंतपणाच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढलीत मी. कळ आली की बाई म्हणते, सिस्टर, आज नको, उद्या होऊ दे. प्रत्येक बाई म्हणते. तुम्ही तेच म्हणताय.

मिस्त्री : मी बहाणे करतोय असं म्हणायचंय तुला?

सिस्टर : बहाणे नाही. तुम्हाला भीती वाटतेय.

मिस्त्री : ही पाणसळ पेटीत ठेवतो आधी.

सिस्टर : ती राहू दे. बोला की. पोरगी काही परकी नाही.

मिस्त्री : वाटते. वाटते भीती. सकाळी बोट क्रेनला लटकली तेव्हा मी तोंड फिरवून उभा राहिलो. दुकानात कपाट चुकलं तर गिऱ्हाईक शिव्या देतं, आपण परत करून देतो. इथे कुणाला परत करून देणार? आणि हे बघ, पहिल्याच दिवशी चूक निघाली. आणखी काय काय चुकलं असेल माझ्या हातून? तू माझ्या हट्टापायी येतेस. तुला काही झालं तर हिला मी कोणत्या तोंडाने सांगू?

सिस्टर : थांबा. तुमच्या हट्टापायी कोण येतंय? स्वप्न तुमचं होतं, कबूल. मला हसू यायचं तुमचं. पण अकरा वर्षं दर रविवारी ह्या बोटीचं बूड मी घासलंय. पोहायला शिकले पन्नाशीनंतर, पोराटोरांच्या रांगेत उभी राहून. नकाशे वाचायला शिकले, वायरलेसची परीक्षा दिली. तुम्ही दोनदा नापास झालात, मी नाही. घासून घासून ते स्वप्न माझं झालंय आता. तुम्ही मागितलंत तरी परत मिळणार नाही.

लेक : आई…

सिस्टर : आणि एक सांगते. एकतीस वर्षं मी सूर्य उगवताना पाहिला तो ड्यूटी संपवून, डोळे चुरचुरत असताना, बसच्या खिडकीतून. मला तो एकदा समोरून बघायचाय. रोज नव्या जागी. एका बंदरात चार दिवस राहायचं, कंटाळा आला की नांगर उचलायचा. गुडघे आहेत तोवर. पुढच्या वर्षी गुडघे विचारतील का मला?

लेक : पण आई, बोट धड नसताना…

सिस्टर : तर मग विचार बाबांना, बोट धड आहे की नाही. तू रोज डेपोतून गाडी काढतेस, तपासून काढतेस. तशी विचार.

लेक : बरं, विचारते. बाबा, तळ?

मिस्त्री : कोरडा. सकाळपासून तीनदा हात फिरवला. थेंब नाही.

लेक : इंजिन?

मिस्त्री : पहिल्या झटक्याला लागलं. तासभर चालवलं.

लेक : सुकाणू?

मिस्त्री : लोण्यासारखं फिरतं.

लेक : डोलकाठी, शीड?

मिस्त्री : रंगाऱ्याच्या भावाने तपासलं, त्याने आख्खी हयात समुद्रावर काढलीय. म्हणाला, माझ्या बोटीपेक्षा चांगलं आहे.

लेक : पहिल्या दिवशी जाणार किती लांब?

सिस्टर : सहा तास. किनारा दिसत राहतो, फोनही लागतो. संध्याकाळच्या आत पलीकडच्या बंदरात.

लेक : मग वाकडं काय आहे नक्की?

मिस्त्री : टेबल. ओटा. बाक.

लेक : म्हणजे सीट.

मिस्त्री : सीट म्हण हवं तर.

लेक : ब्रेक नाही, टायर नाही, स्टेअरिंग नाही. सीट तिरकी आहे म्हणून मी बस डेपोत परत नेली, तर साहेब मलाच घरी बसवतील. म्हणतील, वेळ झाली ना? मग काढ गाडी. …अगं बाई! काय बोलून बसले मी.

सिस्टर : बोललीस ते बरोबर बोललीस.

लेक : मला म्हणायचं नव्हतं ते! मला तुम्ही हवे आहात इथे. रविवारी जेवायला कुणाकडे जाऊ मी?

मिस्त्री : ये इकडे. रडू नकोस, मुली. अगं, तू रडलीस की मला नाहीच जमणार.

लेक : नाही रडत. घाम आहे. केवढं उकडतं ह्या डब्यात! …बाबा, तुम्हाला जायचंय का? भीती सोडा, ती मलाही आहे. जायचंय का?

मिस्त्री : जायचंय गं. फार जायचंय. पण माझं काम असं वाकडं घेऊन…

सिस्टर : एक विचारू, मिस्त्री? यार्डात बोट उजवीकडे कलली होती, तेव्हा टेबल सरळ होतं ना?

मिस्त्री : होतं की. म्हणून तर फसलो.

सिस्टर : मग पाण्यात ती उजवीकडे कलली तर?

मिस्त्री : पाण्यात कशाला कलेल?

सिस्टर : शीड उभारल्यावर वारा काय नुसता बघत बसेल? डावीकडून वारा आला की बोट उजवीकडे कलणार. वायरलेसच्या परीक्षेत नाही, पण पुस्तकात आहे. तुम्ही वाचलं नाहीत.

मिस्त्री : …डावीकडून वारा. उजवीकडे कल. म्हणजे टेबल… अगं, खरंच की!

लेक : आणि वारा उजवीकडून आला तर?

सिस्टर : तर बाबा कडेला पट्ट्या ठोकतील, आणि आपण कप हातात धरू. आणि झोपताना उशी चढाला. वॉर्डात पलंगाला विटा लावून मी असल्या रात्री कितीतरी काढल्यात.

मिस्त्री : पट्ट्या आहेत माझ्याकडे. सागाच्या, मोजून बारा. अंधार पडायच्या आत ठोकून होतील. पोरी, ती हातोडी दे. आणि गणवेशाच्या बाह्या वर कर, धरायला माणूस लागेल.

लेक : किल्ली द्या आधी. भाडेकरूंना मी सकाळी सातला बोलावते. त्याआधी धक्क्यावर येते. दोरी मी सोडणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. धक्का मागे पडला आहे. शीड भरलं आहे.)

सिस्टर : दिसते का अजून?

मिस्त्री : दिसते. हात हलवतेय. अजून हलवतेय.

सिस्टर : रडताय का?

मिस्त्री : खारं वारं आहे.

सिस्टर : असेल. सुकाणू असंच धरा, मी आतून आले. …अहो, हात पुढे करा, दाराशी चहा ठेवलाय.

मिस्त्री : तुझा?

सिस्टर : टेबलावर ठेवते. बघा इकडे. ठेवला.

मिस्त्री : हात काढ.

सिस्टर : काढला.

मिस्त्री : …राहिला!

सिस्टर : राहिला. पाणसळ आणू का?

मिस्त्री : नको. पेटीतच असू दे. …पण अगं, बंदर तर त्या अंगाला आहे. वळलो की वारा दुसऱ्या बाजूने येणार, सगळं पुन्हा घरंगळणार. वळायचं कधी?

सिस्टर : चहा संपला की.