एवान्थियाची वाफनळी

ग्रीसमधल्या थेसालोनिकीत छातीच्या डॉक्टरांकडे माझा नंबर लागायचा होता. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. बाईंच्या तळहातावर अंगठ्याएवढी पोलादी वाफनळी चकाकत होती. सिगारेटऐवजी ओढायची, नवऱ्यानं घरच्या लेथवर घडवलेली.

"दिसायला छान झालीय हं, मेनिओस. चर्चच्या घुमटासारखी."

"दिसण्याचं सोड, एवान्थिया. चालते कशी?"

"गळते. माझ्या पर्समधल्या तसबिरीतले संत निकोलाओस तिच्यातल्या स्ट्रॉबेरीच्या रसात न्हाले."

"तू आडवी ठेवली असशील."

"पर्समध्ये काय पहाऱ्याला उभी करू? आणि ओढली की शिट्टी वाजते. झोपेत तुझी आई वाजवायची तशी."

"हवेचं भोक जरा मोठं करतो."

"आणि ते स्क्रू! मुंगीलासुद्धा चष्मा लागेल. तापायची तार गुंडाळा, तिच्यात रस शोषायला कापूस भरा. जास्त झाला की घसा जळतो, कमी झाला की पुन्हा गळती."

"कापूस आधी विंचरून घ्यायचा असतो."

"घेते की! माझेच केस विंचरायचे राहतात."

"म्हणजे फसलंच सगळं. तुझी सिगारेट सुटावी म्हणून अख्खा हिवाळा लेथला चिकटून होतो मी. आता आत जाऊन डॉक्टरांना काय सांगणार आहेस?"

"सुटली म्हणून."

"काय?"

"अरे, दिवसभर ही उघडा, पुसा, परत जोडा. सिगारेट पेटवायला हात मोकळा कुठाय मला?"

"मग... स्क्रू मोठे करून देऊ?"

"खबरदार हात लावलास तर!"