पडण्याचे एकोणीस नमुने

जबाब देणार: घरीदारी 'ताई' म्हणून ओळख, वय ३८ वर्षे, धंदा नोकरी (कॅमेऱ्यातली माणसे काय करत आहेत त्याची नोंद करणे), राहणार बाजारामागची इमारत, तिसरा मजला, सोबत वडील.

मला कोणी बोलावलेले नाही. आज सकाळी दहा वाजता आपण होऊन ठाण्यात आले आणि समक्ष सांगते ते असे की,

आमच्या कंपनीने वृद्धाश्रमात एक यंत्र बसवले आहे. कोणी पडले की ते कॅमेऱ्यातून ओळखते आणि घंटा वाजवते. त्याला शिकवायला पडण्याचे व्हिडिओ लागतात. म्हातारी माणसे काही आपल्यासाठी पडून दाखवत नाहीत. म्हणून मीटिंगच्या खोलीत गादी टाकून आम्हीच पडलो. एकूण एकोणीस वेळा, त्यांपैकी अकरा वेळा मी. पडावे तर ताईनेच, असे सगळे म्हणत आणि मलाही त्याचा तोरा होता. इंजिनिअर म्हणाले, एवढ्यावर भागेल, पण नमुने थोडे आहेत, एकही नोंद चुकता कामा नये.

खरा व्हिडिओ एकच मिळाला. त्यात एक आजी भिंतीला पाठ लावून सावकाश खाली सरकतात. धाडकन काही नाही, हात टेकणे नाही. मी त्याला 'बसणे' असे नाव दिले. अशा नोंदींची यादी तपासणीसाठी आश्रमाकडे पाठवली जाते. दुसऱ्या दिवशी तिथल्या आयाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, त्या बसल्या नव्हत्या हो. पाय गेले त्यांचे. मीच उचललं त्यांना."

बघते, असे म्हणून मी फोन ठेवला. बघितले नाही. आता आयाबाई मला माझे काम शिकवणार, असे मनात आले होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

परवा मंगळवारी दुपारी ३.१० वाजता आश्रमात जिन्याजवळ तिथे राहणारे शिंपीकाका अगदी तसेच भिंतीवरून खाली सरकले. पडद्यावर 'बसले आहेत' असे आले. मी ओळखले नाही. घंटा वाजली नाही. आयाबाई वरच्या मजल्यावर एकट्याने एका आजींना आंघोळ घालत होत्या. ३.५० ला त्या खाली आल्या तेव्हा काकांना शुद्ध नव्हती. संध्याकाळी दवाखान्यात ते वारले.

काकांच्या मुलाने आयाबाईंवर निष्काळजीपणाची तक्रार दिली आहे. कंपनीने हात वर केले. यंत्राच्या भरवशावर राहायला कोणी सांगितले होते, असे आमचे कंपनीतले साहेब विचारतात. मी सांगितले होते. यंत्र बसवले त्या दिवशी आयाबाईंना मीच म्हणाले, आता निर्धास्त वर जात जा.

तेव्हापासून मला चैन नाही. वडील खुर्चीत बसायला वाकले तरी मी धावते. काल ते वैतागून म्हणाले, "मला बसू तरी दे." मला रडू आवरले नाही. इथेही हवालदारांनी दोनदा खुर्ची पुढे केली, पण मी उभ्यानेच सांगत आहे.

आयाबाईंचा फोन कधी आला त्याची नोंद माझ्या मोबाईलमध्ये आहे. मोबाईल जमा करत आहे. तक्रारीतून त्यांचे नाव काढावे, माझे घालावे.

लिहिलेले सर्व हवालदारांनी मला वाचून दाखवले. शिंपीकाकांच्या मजकुरात 'यंत्राने ओळखले नाही' असे त्यांनी लिहिले होते. ते खोडून 'मी ओळखले नाही' असे लिहायला लावले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी बरोबर आहे.