बिनआवाजाची गाडी

न्हाय न्हाय, नवशा, ती ड्रिल आधी खाली ठेव. चहा घे. भिंतीला भोकं काय, नंतर पण पाडता येतील — एकदा पाडलीस की बुजवायला कोण येणार? बस, इथं ओट्यावर बस, माझ्या बाजूला. कुणालनं तुला सांगितलं असेल, तो शोरूममधून नवी गाडी घेऊन येईपर्यंत चार्जिंगचा पॉइंट तयार पायजे. आमच्या पोराचं काय जातंय बोलायला! घे, पी. कपात बोट बुडवलं म्हणून नाक मुरडू नको हां, किती भरला ते बघायची माझी जुनी सवय.

मला एक सांग, तू नारपोलीला कापडाच्या लूमच्या मोटारी बघतोस, तुला कळतं — लाइट जाते का न्हाय? जाते ना? मग? लूम बंद पडला तर पडला, पण घरात कोण आजारी पडलं आन गाडीच्या पोटात लाइट नसली, तर काय तिला ढकलत हॉस्पिटलला न्यायची? पण न्हाय — सबसिडी हाय! सबसिडी संपायच्या आत घ्यायची! मी बोलली, अरे सरकार काय तुझा मामा लागतो, तुला गाडीला पैसे द्यायला? आधी बोलले सीएनजी लावा. लावला लोकांनी, आता पंपावर लायनीत डुलक्या काढतात. मग पेट्रोलमध्ये उसाचं कायतरी मिसळायला लागले — शेजारचा भाविक रोज सकाळी स्कूटरला शिव्या घालतो, ती खोकते आन बंद पडते. आता बोलतात बॅटरी. उद्या बोलतील पाण्यावर चालवा, मग हंडे घेऊन गाडीच्या मागं धावू आपण. आन बॅटरी पेटते रे! हेमाली, माझी सून, मोबाइलवर लावून बसली होती, मी पण बघितलं — म्हणजे ऐकलं, लोकं ओरडत होती नुसती.

ऐकतोस ना? हूं तरी कर. गप बसलास की मला वाटतं उठून गेलास.

ती बघ, अंगणात खेळते, माझी नात. ऋतिका. हेमाली पडघ्याला गोडाऊनमध्ये ड्युटीला जाते, दिवसभर पोरगी माझ्याकडंच. वाळे वाजतात ना छुमछुम? सोनाराकडून जास्तीची घुंगरं लावून घेतली मी. हेमाली बोलते, आई, मोठी झाली आता, काढूया. मी बोलली, हात लावून दाखव.

जुनी डिझेलची जीप होती ना आमची, तिचं बरं होतं. तिकडं वळणावर कुणालनं गिअर बदलला की इथं ओट्यावर कळायचं. मी नुसती हाक मारायची, आन पोरगी धावत वर. पुढं पुढं हाक पण लागायची न्हाय, जीप धडधडली की ती आपसूक माझ्या मांडीत. आन ही नवी? काय न्हाय. काहीच न्हाय! मागच्या रविवारी शोरूमचा माणूस दाखवायला घेऊन आला. मी अंगणात उभी, मला वाटलं अजून यायची हाय. पदर कशाला तरी अडकला म्हणून हात केला — तर बोनेट! माझ्या पोटाशी! सगळे हसले, बोलले आईला गाडी लय आवडली, चिकटूनच उभी राहिली. मी पण हसली. काय करणार? माझ्या जागी पोरगी असती तर? वर कुणालनं अंगणातली खडी काढून गुळगुळीत पेव्हर ब्लॉक बसवले, नव्या गाडीसाठी. खडी तरी करकरली असती रे.

असा काय बघतोस? ...बघतोस ना? वाटलंच मला.

बरं, ऐक. काचबिंदू हाय. गेलेलं परत येत न्हाय, बोलला डॉक्टर. उजवा डोळा कवाच गेला. डाव्यानं थोडं समोरचं, नळीतून बघावं तसं, ते पण ऊन असलं तर. घरात कुणाला म्हाईत न्हाय. सगळं घर मला पाठ हाय, पायऱ्या पाठ, भांडी पाठ. बोलली असती तर हेमालीनं दुसऱ्या दिवशी पोरीला आपल्या माहेरी नेऊन ठेवली असती. तिचं चुकत पण न्हाय, मी तिच्या जागी तेच केलं असतं. पण मग मी काय करू दिवसभर? भिंतीला टेकून बसू? दुपारची माझ्या मांडीवर झोपते ती, नवशा. मला भीती वाटते. जाम भीती वाटते — तिला ठेवायची पण आन सोडायची पण.

म्हणून तू एवढंच कर. कुणाल आला की बोल, घराचं वायरिंग जुनं हाय, अर्थिंग न्हाय, चार्जर लावला तर घर पेटेल. तुझं ऐकेल तो, माझं ऐकत न्हाय. गाडी परत देऊ दे. डिझेल घे, पेट्रोल घे, काय पण धडधडणारं घे बोल. बोलशील ना? सांग की. आन चप्पल कशाला सरकवलीस? उठलास काय?

थांब. हलू नको. वाळे वाजत न्हाईत.

ऋतिका? ऋतिका, वर ये. ये बाय, आजीकडं ये... नवशा, बाइक आत घेतल्यावर फाटक लावलंस ना तू? लावलंस ना? मेल्या, तोंड कशाला शिवलंस! सरक, मला उतरू दे. एक पायरी — दुसरी — ऋतिका! — हे काय हाय इथं? इथं काय नव्हतं. सकाळी मी झाडलंय इथं. गार हाय. काच हाय. हा हार... झेंडूचा हार... देवा. नवशा, खाली बघ. वाकून बघ, चाकाकडं बघ रे, माझी पोर —

वाजले. ऐकलंस? वाळे वाजले. पण एवढ्या वरून? कुणी उचललंय तिला? कोण हाय?

कुणाल?

कवा आलास रे? हाक न्हाय, हॉर्न न्हाय... कुठपासून ऐकत होतास? नवशा, तुला दिसत होता ना तो? बोटानं गप बस बोलला असेल तुला. जा तू. उचल ती ड्रिल आन जा, कप राहू दे तिथंच.

कुणाल, बाळा, मी गंमत करत होती त्याची. दिसतं मला. दिसतं रे. आण, दे तिला इकडं. हे बघ, हात पुढं केलेत मी... तिचे पाय का धरून ठेवलेस? सोड ना. वाजू दे. मला कळू दे तू कुठं उभा हाईस.