सोनीचं नाव काढाले गेली होती

माहं माहेर रिठद, सासर इकडं मेडशीजवळच्या वस्तीवर. वावर म्हणाल त एक तुकडा, त्यातलं सोयाबीन निघालं का दिवाळी करून आमी नवराबायको ऊसतोडीले जातो, अन् गुढीपाडव्याच्या तोंडावर वापस येतो. पोरगी एकच, सोनी. तिलेही संग न्यायचो, सासू होती घरी, पण ठेवाचं मन होत नव्हतं, मंग तिची अर्धी शाळा बुडायची, दरसाल बुडायची. तिसरीपर्यंत ते खपलं. चौथीत मातर, काय सांगू तुमाले, वापस आल्यावर शाळेत गेली अन् मधल्या सुट्टीतच घरी. दप्तर फेकलं कोपऱ्यात. म्हणे मले वाचता नाही आलं, सारे हासले, पायल त लयच हासली, आता मी जात नाही, तुह्यासंग उसाच्या मोळ्या बांधाले येतो.

पायल म्हणजे ज्याईच्या वावरात मी निंदाले जातो त्याईची पोरगी. त्याईले मी काय बोलू? दोन दिवस सोनी भिंतीकडं तोंड करून पडली. तिसऱ्या दिवशी मलेच वाटलं, जाऊ दे, नाव काढून आणतो, हे रडणं नको.

गेली मी. म्याडम नव्याच होत्या, आमच्या तालुक्याच्या मालेगाववरून गाडीवर येत. मी दारातूनच म्हटलं, सोनीचं नाव काढून द्या. त्या म्हणे बसा. मले वाटलं आता समजावतीन, पण त्याईनं आमच्या कामाचंच इचारलं, दिवसाच्या किती मोळ्या होतात म्हणे. मी म्हटलं मले कुठं मोजता येते, सोनीच मोजते, गाडीत किती भरल्या ते तोंडीच सांगते. म्याडम म्हणे, उद्या तिले वाचाले नका पाठवू, हे सांगाले पाठवा.

पोरगी काही तयार नव्हती. मीच हात धरून नेली अन् खिडकीपाशी उभी राह्यली. म्याडमनं सारे पोट्टे गोल बसवले, म्हणे सोनी आपण पाह्यलं नाही अशा ठिकाणी राहून आली, इचारा तिले. एक पोट्टं म्हणे, उसाच्या पानानं हात कापत नाही का? सोनीनं हात पुढं केला, दाखवला. अन् मंग बोलतच गेली, माही पोरगी, जे दोन दिवस बोलली नव्हती. म्याडमनं मोळ्याईचंच गणित देलं फळ्यावर, सोनीनं पाटी न घेता सांगितलं. पायल पाहून राह्यली होती. हळूच सोनीपाशी सरकली अन् म्हणे, मले नाही आलं, कसं केलं तू?

माफी गिफी काही मांगली नाही तिनं, लेकरं हायेत. पण त्या दिवसापासून म्याडमनं जोड्या लावल्या. कोणी चुकलं त हासायचं नाही, बाजूच्यानं सांगायचं, दोघाईले आल्याशिवाय पुढचं पान नाही. पायलचे वडील गेले कुरकुर कराले, आमची पोरगी मागं पडते म्हणे. म्याडमनं त्याईलेही वर्गात बसवलं. पायल सोनीले धडा समजावून राह्यली होती, अन् समजावता समजावता तिले सोताचीच चूक सापडली. मंग ते उठले अन् आपल्या वाटेनं गेले. उन्हाळाभर पायल आमच्या ओट्यावर येऊन बसे, पुस्तक मांडीवर, दोघीचं बोट एकाच ओळीवर.

औंदा दिवाळीले सोनीच म्हणे मी येत नाही, आजीपाशी राहतो. मले लय भेव वाटलं, रडन, जेवणार नाही. फडावरून संध्याकाळी फोन लावला त म्हणे, आई, जेवली मी, उद्या बोलू, पोरी थांबल्या बाहेर. अन् ठेवून देला. नवरा म्हणे काय म्हणते? मी म्हटलं तिले टाइम नाही. अन् मले हासूच आलं.

आमचा कोयता काही सुटत नाही, पुढच्या सालीही जावंच लागन. पण छातीवरचं वझं उतरलं पाहा. त्या म्याडम जिथं जातीन तिथं सुखी राहो. सोनी घरी असती त तिनं पुस्तक वाचून दाखवलं असतं तुमाले, पण पायलच्या घरी गेली. थांबा म्हटलं असतं, पण तिथं गेली का लवकर येत नाही.