पेटीतली कवळी

...आणि वर लोक मलाच म्हणतात, “नाना, नीट चावलं नसेल तुम्ही!” नीट? अहो, चावलंच कुठं! तुम्हाला सांगतो, साठ साली अलिबागच्या दातांच्या डॉक्टरानं ही प्लास्टिकची कवळी बसवली, नागावात येऊन पहिलं काम काय केलं, तर आळीतल्या पोरांवर दात विचकले, दोघं भोकाड पसरून पळाली... आणि आमची कोकिळा हात पुढं करून उभी! “काढा. राहीच्या व्याहीभोजनाला घाला. आत्तापासून झिजवू नका.” हिची तऱ्हाच ती! नवं लुगडं पेटीत, नवा कंदील पेटीत, आता नवऱ्याचे दात पेटीत! चार वर्षं मी मऊ भात गिळतोय, आणि दात खणात गुंडाळून निजलेत! एक शेंगदाणा चावला नव्हता हो त्यांनी!

लेकीचं, राहीचं लग्न झालं, व्याहीभोजनाचा दिवस उजाडला. शेजारी व्याही अंबाजीराव, काठी गिळल्यासारखे ताठ, पुढ्यात मटण. मी मिजाशीत नळी उचलली, दाताखाली धरली... कट्ट! नळी नाही मोडली हो, कवळी मोडली! अर्धी माझ्या तोंडात, अर्धी उडून अंबाजीरावांच्या रश्श्यात! त्यांनी दोन बोटांत धरून वर काढली, “व्याहीबुवा, बोकड जबड्यासकट शिजवलात व्हय?” पंगत लोळली! चार वर्षं वाट बघितलेलं मटण तसंच ताटात! आणि एक शेंगदाणा चावला नव्हता हो त्या दातांनी!

गेलो तणतणत डॉक्टराकडं. तो थंडपणे म्हणतो, “नाना, प्लास्टिक वापरा नाहीतर पेटीत ठेवा, ते आपलं आपण म्हातारं होतं. आतल्या आत आवळत जातं. दिसायला तसंच, उलट जास्त टणक. पण सोसणं संपतं. जोर पडला की तडा, तो आरपार!” म्हटलं, म्हणजे हुबेहूब आमचे व्याही! तो हसला. मी नाही हसलो. अरे, बसल्या बसल्या म्हातारं व्हायला घरात मी होतो की! दातांना कुणी सांगितलं होतं?

नवी कवळी केली. कोकिळेला दरडावलं, “पेटीचं नाव काढायचं नाही! ही तोंडातच राहणार, झोपेतसुद्धा!” लगेच कबूल! म्हटलं, जिंकलो... तेवढ्यात ताट आलं. पेज! “तोंडातच ठेवायचेत ना? मग दातांना जपायला नको?”

असा संताप आला! ओरडायला तोंड उघडलं, तर म्हणते कशी, “हळू... तडा जाईल.”

मिटलं हो तोंड. काय करता!