न रडणारी शालन

माझं माहेर वेळापूरकडचं, आन सासर टेंभुर्णीच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत. माहेरी काय न सासरी काय, दुसऱ्याच्या रानात खुरपायचं आन सांजच्याला भाकरी थापायची, त्यात काय सांगन्यासारखं हाय? शाळा मी बघितली ती बाहेरूनच, आत काय गेले न्हाय. पर तुमी इचारताय म्हनून सांगते, आन माझ्या शालनसाठी सांगते, कारन त्या पोरीबद्दल ज्यानं त्यानं तोंडाला येईल ते म्हनून झालंय. आता माझं बी ऐका.

थोरला दत्ता झाला तवा साल बरं होतं. पोटाला मिळत होतं, अंगावर दूध होतं, आन त्यो रडायला लागला की निम्मी वस्ती गोळा व्हायची. सासू कावायची, म्हनायची, काय गं ह्या कार्ट्याचा गळा, ह्याला तमाशात घाल. मग शालन पोटात असताना पावसानं दगा दिला, बाहत्तर सालचा दुष्काळ त्यो, तुमाला ठावं असंल. रानात काडी न्हाय. मग सरकारनं रस्त्याचं काम काढलं, तितं आमी समदी खडी फोडायला. ती तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची आन खाताना घशात अडकायची. कामावर खायला मूठभर सुकडी वाटायची, पर ती हातात पडली की दत्ता तोंडाकडं बघत उभा. काय सांगू तुमाला, माझ्या पोटात एक आन समोर एक, आन मूठ एकच.

शालन झाली ती मुठीयवढी. बाळंतपन उरकतंय न उरकतंय तवर मी परत खडीवर. पोती बांधून सावली केलेली, तितं समद्या बायांची तान्ही लेकरं ठिवायची आन माझी सासू त्यास्नी राखायची. आता कामाची रीत कशी, ते ऐका. मुकादमाचं म्हननं असं, की ज्या लेकराचं रडं ऐकू येईल त्याच्या आईनं उठायचं, पाजायचं आन परत यायचं. उगं कुनी उठायचं न्हाय. त्याला बी वरनं बोलनी बसत असतील, मी न्हाय म्हनत न्हाय. तर एकीचं रडलं की ती पळायची, दुसरीचं रडलं की दुसरी. माझी शालन रडतच नव्हती. डोळं उघडं ठिवून पोत्याकडं बघत पडायची. सासू समद्यास्नी सांगायची, माझी नात लई गुनी, हूं का चूं न्हाय. बाया बी म्हनायच्या, नशीब काडलंस गं, असं गुनी लेकरू कुनाला मिळतंय. आन त्या गुनी लेकराचं दूध ऱ्हायचं. रडनाऱ्याला पाजलं, गप बसनारी गप बसली. तिच्यात रडायची ताकदच नव्हती ओ! भुकेनं पोर मुकी झालीया हे आमाला कुनाला कळलं न्हाय. मुकादमाला न्हाय, सासूला न्हाय, मला बी न्हाय.

पुढं पावसानं तोंड दावलं, पर आमचं गावात मन लागंना. मालकास्नी सोलापुरात हमाली मिळाली, आमी हितं चाळीत आलो, मी विड्या वळायला लागले. शालन तवर दीड-दोन वर्साची, पर रांगायला येत नव्हतं, आन शब्द म्हनाल तर एक न्हाय. सासू म्हनली जीभ जड हाय. मग जिभेला वेखंड लावलं. पोपटानं टोचलेला पेरू शोधून आनून चारला, म्हंजे पोपटावानी बोलंल. एक बाई म्हनली तू पोटुशी असताना गिरनात इळी धरली असशील. मी म्हनलं, बाई, इळी धरायला घरात भाजी कुटं होती?

शेवटी महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. तितल्या नर्सबाईनं पोरीला मांडीवर घेतलं, दंड चिमटीत धरून बघितला, टाळी वाजवली, बोट फिरवलं. मला इचारलं, लहानपनी रडायची का? मी म्हनलं, न्हाय, लई गुनी होती. वेखंड लावतो ते बी सांगितलं. ती म्हनली, वेखंड लावू नका, जीभ चांगली हाय. पयल्या दोन वर्सात लेकराचा मेंदू वाढतो, तवा पोटात अन्न लागतं आन कानावर बोलनं लागतं, हिला दोन्ही कमी पडलंय. मी म्हनलं, म्हंजे जोंधळ्याचं कनीस भरताना पानी न्हाय मिळालं तसं? मग आता हिर उपसून वतली तरी काय उपेग? ती म्हनली, तसं न्हाय हो, लेकरू म्हंजे पीक न्हाय. उशिरा का हुईना, भरतंय, पर कष्ट दुप्पट. हिला खायला घाला आन हिच्याशी बोला.

खायला घालायचं कळलं. बोलायचं काय, ते कळंना. मुक्या पोरीशी काय बोलायचं? पर विड्या वळताना हात गुतलेला असतोय, तोंड मोकळंच की. मग सुरू केलं. हे पान, ही कातर, ही तंबाखू, हात लावू नगं. हा दोरा, हा लाल. दिसभर. शेजारची यल्लव्वा हसायची, म्हनायची, भिंतीशी बोलतीस का गं? मी म्हनलं, व्हय, बोलते, तुजं काय जातंय? आन रडू यायचं, ते खाली मान घालून पानावर गाळायचं. चार वर्साची होत आली तवा एक दिवशी कातर माझ्या हातनं घरंगळली, आन पोर म्हनली, कातल. मी समद्या चाळीला वरडून सांगितलं. यल्लव्वानं साखर आनून पोरीच्या तोंडात घातली.

पर नर्सबाई म्हनली ते खरं, कष्ट दुप्पट. बोलती आता, चालती, पळती. शाळेत घातलीया, पयलीत दुसऱ्यांदा बसलीया. गुरुजी वाईट न्हाईत, पर म्हनले, बाई, आज शिकवलं ते उद्या तिच्याजवळ नसतं. आन पोरं तिला येडी म्हनतात. ते ऐकलं की माझ्या अंगाचा भडका हुतो. येडी न्हाय ती. उपाशी होती.

परवाच्याला काय झालं, मी विड्या वळत बसले होते, दत्ता कविता पाठ करत होता, आन ही पाटी घेऊन माझ्याम्होरं येऊन उभी. म्हनली, आये, दत्तूच्या डोक्यात ऱ्हातंय, माझ्या डोक्यात का ऱ्हात न्हाय? माझा हात थांबला. सात वर्सात तिनं कंदी 'का' इचारलं नव्हतं ओ. हे दे, ते नगं, यवढंच. 'का' पयल्यांदाच, आन ते बी ह्ये. मी तिला जवळ घेतलं, म्हनलं, बाळ, तुजं डोकं वाईट न्हाय. ते वाढायच्या टायमाला घरात दाना नव्हता. मला वाटलं, हिला काय कळतंय. तर ज्वारीच्या डब्याकडं बघून म्हनली, आता हाय की दाना. मी म्हनलं, हाय. तर पाटी माझ्या मांडीवर ठिवली आन म्हनली, मग परत सांग.

मला अक्षर येत न्हाय, दत्ताला हाक मारली. त्यानं सांगितलं. काल परत सांगितलं, आज परत सांगनार. जे गेलं ते मला भरून देता येत न्हाय, आन ते कुनाकडं मागायचं ते बी कळत न्हाय. देवानं माझ्या पोरीला लांब आउक्ष द्यावं, यवढंच मागनं हाय. दुसऱ्याला एकदा सांगून भागतंय, तिला शंभरदा सांगावं लागंल, तेवढा येळ तिला मिळू दे.