खिडकीपाशी काय सांगायचं

...बरं, पत्र यायचं तर निदान गर्दीच्या दिवशी तरी यावं, म्हणजे संध्याकाळपर्यंत कोणी उघडलं नसतं. नाही. आलं ते मंगळवारी. मंगळवारी आमचा महाल बंद असतो. पर्यटकांना बंद, आम्हाला कुठला? आम्ही गाइड मंडळी तिकीटघरामागच्या खोलीत जमतो आणि छत्र्या दुरुस्त करतो. तुम्हाला सांगतो, गाइडची छत्री पावसासाठी नसतेच, ती उंच धरायची असते, चाळीस माणसांनी गर्दीत तिच्यामागे यावं म्हणून, आणि दिवसभर अशी हवेत नाचवली की महिन्याभरात तिच्या काड्या ढिल्या होतात. तर मी दातात तार धरून काडी बांधत होतो, शेजारी ही दुसऱ्या छत्रीला पिवळं फडकं शिवत होती. ही म्हणजे माझी बायको, तीही गाइडच, सभासद क्रमांक अकरा. माझा बारा. अर्ज एकाच दिवशी केले होते, पण तिचा आधी आत गेला, आणि हे तिने मला चोवीस वर्षं विसरू दिलं नाही... तर अशा निवांत सकाळी अध्यक्षांनी लिफाफा फोडला, चष्मा वर केला, खाली केला आणि कागद माझ्यापुढे धरला. "सचिव, तुम्ही वाचा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

अहो, वाचायला कशाला लागतं चांगलं अक्षर? पण मी वाचलं. 'महालात पुढील हंगामापासून माहिती ऐकविणारी, कानात लावायची यंत्रे बसविण्यात येत आहेत. एकाच खोलीत निरनिराळे गाइड निरनिराळी माहिती देतात अशा तक्रारी आहेत. तरी संघटनेने सर्वांचा मिळून एकच मजकूर तयार करून सादर करावा. डिसेंबरात तपासणी होईल. परवाने चालू ठेवावेत किंवा कसे, याचा निर्णय त्यानंतर.' किंवा कसे! एकोणीस परवाने, एकोणीस घरं, आणि हे म्हणतात किंवा कसे.

आता वर्ष संपलं आणि वार्षिक अहवाल लिहायचा कोणी? मीच. पहिलं वाक्य लेकीने टाइप करून दिलंय, 'सरते वर्ष संघटनेस आव्हानात्मक ठरले.' झालं. त्याच्यापुढे जे जे घडलं ते अहवालात कसं लिहायचं, तुम्हीच सांगा.

म्हणजे बघा, तक्रार खोटी नव्हती. वरच्या मजल्यावर एक खिडकी आहे, राणीची खिडकी. तिथे आमच्या एक ताई आहेत, त्यांची राणी त्या खिडकीतून उडी मारते. रोज दोनदा, सुट्टीच्या दिवशी चारदा. पाच मिनिटांनी तिथेच आमचे एक काका आपला गट घेऊन येतात, त्यांची राणी जिवंत असते आणि सैन्याची वाट बघत असते, बारा वर्षं. अध्यक्षांना राणीशी देणंघेणं नाही, त्यांना आकडे लागतात, पायऱ्या दोनशे बारा, खिडक्या चौसष्ट, कोण मोजतंय? आणि माझी राणी गाते. का गाते? पहिल्या वर्षी एका गटाला घाईघाईत काहीतरी सांगायचं म्हणून सांगून गेलो, त्यांनी माना डोलावल्या, तेव्हापासून बाई गातेच आहे.

आणि एक मजकूर करायचा! पहिल्याच सभेत ताईंचा आवाज फुटला. "एकवीस वर्षं उडी मारतेय ती माझ्याकडे, आता काय नुसती उभी करू?" काका म्हणाले, "उभी कशाला, बसव ना, वाट बघायला." अध्यक्ष म्हणाले, "खिडकीची उंची चार फूट दोन इंच." असं दीड तास. आणि मग ही म्हणाली, फडक्याला टाका घालता घालताच म्हणाली, "मी माझ्या लोकांना सांगते, मला माहीत नाही."

अहो, गाइडने 'माहीत नाही' म्हणायचं नसतं. आमच्याकडे नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हेच शिकवतात, विचारलं की उत्तर द्यायचं, उत्तर नसेल तर कुठलं तरी शतक सांगायचं, सोळावं नाहीतर सतरावं.

"वहिनी," अध्यक्ष म्हणाले, "असं म्हणून कसं चालेल? गाइड आहात तुम्ही."

"म्हणूनच म्हणते. तिथला दगडी कट्टा डाव्या बाजूला झिजलाय, नीट बघा कधीतरी. कोणीतरी तिथे वर्षानुवर्षं बसत होतं. कोण, ते मला माहीत नाही. दिसतं तेवढं सांगते आणि गप्प बसते."

"आणि लोक काय करतात?"

"बघतात."

"मग?"

"मग विचारतात."

"म्हणजे उलट आपल्यालाच ताप," काका म्हणाले.

हिच्या सूचनेवर मत घेतलं, हात वर झाले. सतरा विरुद्ध एक, अध्यक्ष तटस्थ. माझा हात? सतरांत. इतिवृत्तात मी स्वतःच्या चांगल्या अक्षरात लिहिलं, 'सभासद क्रमांक अकरा यांची सूचना विचारात घेतली गेली नाही.' घरी जाताना कोपऱ्यावर आल्यावर ही म्हणाली, "तुमची राणी अजून गाते का हो?"

ते फेब्रुवारीत. मार्चमध्ये हिचे रिपोर्ट आले. जूनमध्ये ही गेली. मधलं सांगत नाही, तो अहवालाचा विषय नाही.

पण श्रद्धांजलीची सभा हा विषय आहे, कारण ती संघटनेने घेतली, आमच्या घरी, बैठकीच्या खोलीत. आता सतरा गाइड एका खोलीत उभे केले की काय होतं माहितीये? ते आपोआप अर्धवर्तुळ करतात. अध्यक्ष म्हणाले, दोन मिनिटं मौन. गाइडला दोन मिनिटं मौन! चाळीस सेकंद झाले असतील नसतील, त्यांच्याच तोंडून निघालं, "या खोलीला दोन दारं, तीन खिडक्या." मग ताईंना राहवेना, हात लांब करून, डोळे पुसत, "समोर जी खुर्ची दिसतेय, तिथे वहिनी बसायच्या..." सगळ्या माना तिकडे वळल्या, आणि काका मागच्यांना नीट दिसावं म्हणून सवयीने उलटे चालत सरकले ते थेट फ्रिजवर जाऊन आदळले. फ्रिजवरचे डबे खाली. आणि मला हसू आलं. आवरेना. लेकीने माझ्याकडे रागाने बघितलं आणि मग तीही तोंडावर ओढणी धरून... आता बायकोच्या शोकसभेत सचिव हसले, हे अहवालात कसं लिहायचं?

इकडे मजकूर व्हायलाच हवा होता. अकरा सभा झाल्या. उडी गेली. सैन्य गेलं. गाणं मी स्वतःच खोडलं, कोणी सांगायच्या आधी. शेवटी खिडकीसाठी एकमताने एक वाक्य ठरलं, 'या खिडकीला विशेष महत्त्व आहे.' बस्स. यावर अठरा माणसांच्या सह्या आहेत. सप्टेंबरात मजकूर पाठवला आणि पाठ करायला बसलो, या वयात, अहो, काका एकसष्टचे आहेत, ते बागेत फेऱ्या मारत पुटपुटायचे आणि लोक त्यांना वाट द्यायचे.

डिसेंबर उजाडला. साहेब आले. बारीक माणूस, हातात फाइल, आवाज मऊ, आणि मऊ आवाजाच्या साहेबाची मला जास्त भीती वाटते. त्यांनी काय करावं? एका कानात ते नवं यंत्र घातलं आणि दुसरा कान आमच्याकडे केला. यंत्रात कोणता मजकूर? आमचाच, सप्टेंबरातला! आम्हाला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या तीन खोल्या अध्यक्षांनी दाखवल्या. पुढच्या तीन ताईंनी. एक शब्द चुकल्या नाहीत हो, श्वाससुद्धा यंत्राबरोबर घेत होत्या. आम्ही बाकीचे मागे भिंतीला चिकटून. साहेब थांबले, फाइलवर खूण केली आणि म्हणाले, "उत्तम. शब्दन् शब्द जुळतोय."

आमचे चेहरे फुलले.

"मग तुमची गरज काय?"

कुत्सितपणे नाही विचारलं. खरोखरच विचारलं, उत्तर मिळेल म्हणून. आणि आम्ही अठरा जण, ज्यांना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पाठ, एकमेकांकडे बघत उभे. वर्षभर घासून घासून आम्ही एकसारखे झालो होतो आणि हे त्या क्षणापर्यंत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पुढची खोली माझी. खिडकीची.

मी नेहमीसारखा उलटा चालत गेलो, साहेबांकडे तोंड करून, आणि पाठीला कट्टा लागला तसा बसलो. आधी कधी बसलो नव्हतो. डावीकडे. बसल्यावर कळतं, दगड चांगला खोलगट झालाय, माणूस बरोबर मावतो. साहेबांच्या कानातलं यंत्र बोलून मोकळं झालं असणार, ते माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि माझ्या तोंडून शब्द येईना. एक वाक्य, पाच शब्दांचं, मीच लिहिलेलं. मागून अध्यक्ष कुजबुजतायत, "विशेष... अहो, विशेष..." ताईंनी पदराचं टोक चावायला घेतलेलं. अठरा घरं त्या पाच शब्दांवर. आणि मी म्हणालो, "मला माहीत नाही."

अध्यक्षांनी डोळे मिटले.

"हा कट्टा इथे झिजलाय," मी म्हणालो, "म्हणजे कोणीतरी इथे बरीच वर्षं बसत होतं. कोण, ते मला माहीत नाही."

साहेबांनी कानातलं यंत्र काढलं. दगडावरून हात फिरवला. म्हणाले, "उजवीकडे का नाही झिजला?"

"माहीत नाही."

"एकच माणूस बसायचा की बरेच?"

"माहीत नाही."

"इथून तेव्हा काय दिसत असेल?"

"नदी होती म्हणतात. आता गाड्यांचा तळ आहे."

मग ते माझ्या शेजारी बसले. अकरा मिनिटं, अध्यक्षांनी मोजली. कोणी काही बोललं नाही, आमच्यातलंही कोणी नाही, आणि शोकसभेत जे जमलं नव्हतं ते तिथे जमलं.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं. अठरा परवाने एक वर्ष चालू! अध्यक्षांनी मला मिठी मारली, काकांनी दोनदा मारली. ताई म्हणाल्या, "भाऊजी, मला तर वाटलं बुडालो." मग मी पत्राची दुसरी बाजू वाचली, मलाच वाचायला दिलं होतं ना, अक्षरामुळे. 'मात्र खिडकीपाशी सचिवांनी दिलेली माहिती आहे त्या शब्दांत लेखी सादर करावी, जेणेकरून ती यंत्रात समाविष्ट करता येईल. ती प्राप्त झाल्यावरच परवाने देण्यात येतील.'

म्हणजे यंत्र म्हणणार, मला माहीत नाही. दर अर्ध्या तासाने. कोणाच्या तरी भाड्याच्या आवाजात.

मुदत शुक्रवारची होती. आज सोमवार. अध्यक्षांचे सकाळपासून चार फोन झाले, "अहो, चार ओळी तर आहेत, तुमचं अक्षर..." लेक संगणकासमोर बसून विचारते, "बाबा, आईचं ते सांगा ना, मी टाइप करते." तिचंही बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर आहे. सभांच्या तारखा लिहून झाल्या, उपस्थिती लिहून झाली, सभासद क्रमांक अकरा यांच्या दुःखद निधनाचा ठरावही लिहून झाला, अनुमोदकाच्या नावासकट.

खिडकीच्या चार ओळी तेवढ्या मी अजून लिहिलेल्या नाहीत.